चाळीस सेकंद

पहाटेचे तीन, तरी उजेड आहे;
जूनमध्ये तोर्शहावनला रात्र नुसती हजेरी लावून जाते.
खाली बंदरावर एक माणूस दोर गुंडाळतोय
आणि माझ्या पडद्यावर सगळं हिरवं:
बिल्ड हिरवं, चाचण्या हिरव्या,
शेवटच्या पायरीलाही हिरवी टिकली.
साइट मात्र बंद.
पाचशे दोन, कोऱ्या पानावर मधोमध,
दार न उघडता आतूनच बोलल्यासारखं.

साडेसहाला मीचिनेसच्या बोटीची तिकिटं सुटतात.
एकोणपन्नास जागा.
लुंडी पक्षी बघायला आलेली जर्मन जोडपी गजर लावून उठतील,
आणि ओलूवाही उठेल,
तिचे वडील बेटावर, त्यांची औषधं तिच्या पिशवीत.

मी लॉग वाचते. खालून वर, मग वरून खाली.
डिस्क? निम्मी रिकामी.
सर्टिफिकेट? ऑगस्टपर्यंत आहे.
परवानग्या जागच्या जागी.
मागची आवृत्ती परत चढवते, तर तीही पडते,
काल दिवसभर निमूट चालत होती ती!
म्हणजे कोड नाही. कोडच्या आसपास
कुठेतरी पाणी मुरतंय.

मग हातानेच करून बघते,
एकेक आज्ञा, हानुस टाइप करायचा तशी.
डेटाबेस उठव.
(दोरवाला माणूस गेला. एक बगळ्याएवढा समुद्रपक्षी
त्याच्या जागी येऊन उभा.)
ॲप उठव.
साइट उघडते! बोटीचं चित्र, तारखा,
एकोणपन्नास मोकळ्या चौकटी.

पुन्हा स्क्रिप्ट. पुन्हा पाचशे दोन.

तेव्हा आठवला गुरुवार.
स्क्रिप्टच्या मधोमध एक ओळ होती: चाळीस सेकंद थांब.
तिच्यावर हानुसची टीप:
‘काढू नका. का, ते मलाही माहीत नाही.’
मी हसले होते. ओळ काढली,
टीप काढली, आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं: साफसफाई.

घोडं इथेच पेंड खात होतं.
तळघरातला तो जुना सर्व्हर
उठल्यावर लगेच बोलत नाही.
ॲप येतं, हाक मारतं, उत्तर नाही म्हणून मरतं,
आणि स्क्रिप्ट त्याआधीच ‘झालं’ सांगून मोकळी.

अकरा वर्षं हानुस हे हाताने करत होता.
पहिली आज्ञा दिली की उठायचा,
खिडकीशी जाऊन समुद्र किती चढलाय बघायचा,
परत येऊन दुसरी आज्ञा.
कधीच काही पडलं नाही.
मग आम्हीच म्हटलं, हानुस, हे आपोआप व्हायला हवं.
त्याने स्क्रिप्टला आपली बोटं दिली,
खिडकी द्यायची राहिली.
ती पहिल्याच दिवशी पडली असणार,
तेव्हा त्याने खिडकीच्या जागी आकडा लिहिला.

पाचला फोन केला. जागाच होता, मेंढ्यांकडे निघालेला.
सगळं ऐकून घेतलं. म्हणाला,
‘वारा कुठला आहे तिकडे?’

मी चाळीस परत लिहिले नाहीत.
लिहिलं: दर सेकंदाला विचार, उठलास का?
हो म्हणेपर्यंत पुढे जाऊ नकोस.
पहिल्यांदा सदतीस लागले.
दुसऱ्यांदा, बॅकअप चालू असताना, बावन्न.
म्हणजे हानुसचा समुद्रही
एखाद्या दिवशी कमी पडला असता.
टीप मात्र परत लावली, त्याच्याच शब्दांत.
खाली माझी एक ओळ: ‘आता माहीत आहे.’

सहा वाजून तीस मिनिटं, चार सेकंद:
ओलूवा, एक जागा, एक पिशवी.
तिच्यामागे जर्मन, दोन दोन करून.

आठ वाजता धुकं उतरलं. बोट सुटलीच नाही.
रद्द झाल्याचा संदेश एकोणपन्नास जणांना
एका दमात पोचला.
तो भाग हानुसचाच,
त्यात थांबण्याची ओळ नाही.